चौथ्या धनुष्यासाठी धामण

मी घरीच बनवलेलं तिसरं धनुष्य मोडलं. बाभळीचं होतं. दोरी २४ इंच ओढेपर्यंत छान वाकत होतं, हात शिवशिवले म्हणून आणखी दोन इंच ओढलं आणि कट् करून धनुष्याच्या पाठीवरची चिरफळी उठली. हाताला लागलं नाही, पण महिनाभराची घासाघीस गेली.

तुकडे टाकून न देता दोन दिवस बघत बसलो. धनुष्य ओढलं की नेमबाजाच्या समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची, म्हणजे पोट, दाबली जाते. लाकूड बहुतेक वेळा पाठीवर फाटतं, आणि फाटतं ते जिथे रेषे, म्हणजे लाकडाचे तंतू, तुटलेत तिथेच. माझी फळी वखारीतली, करवतीने कापलेली. वरून सरळ दिसत होती. मोडलेल्या तुकड्यावर पातळ केलेल्या शाईचा थेंब सोडला, तर शाई रेषांबरोबर तिरकी पळत वीतभरातच कडेला पोचली. म्हणजे अख्ख्या पाठीवर एकही रेषा टोकापासून टोकापर्यंत गेलेला नव्हता. ही परीक्षा फळी विकत घेताना करायची असते, मोडल्यावर नाही!

आधीच्या दोघांचंही सांगून टाकतो. पहिलं सागाचं. घरात पडून होतं म्हणून घेतलं, दुसरं काही कारण नाही. साग दारं-खिडक्यांसाठी उत्तम, कारण तो फुगत नाही, वाकडा होत नाही. पण माझा तुकडा मुळ्यासारखा मोडला, आधी करकरलासुद्धा नाही. दुसरं माणग्याचं. माणगा हा आपल्या कोकणातला जवळजवळ भरीव बांबू. त्याने अजून दगा दिलेला नाही, फक्त ऐन जुलैत चिपळूणच्या दमट हवेत केल्यामुळे दोरी उतरवल्यावरही अडीच इंच बाक तसाच राहतो. लाकडात पाणी जास्त असलं की पोट दबतं आणि परत उठत नाही. बांबूची बाहेरची हिरवी बाजू मात्र कमालीची चिवट. सगळा दाट रेषा तिथेच असतो, त्यामुळे पाठीला तीच ठेवायची आणि तिला कानस लावायची नाही. भिल्लांच्या कामठ्याला, म्हणजे त्यांच्या धनुष्याला, तर दोरीही बांबूच्याच पातळ सालपटाची असते, हे आठवलं की आपल्या पॉलिएस्टर दोरीची जरा लाज वाटते.

बाभळीपर्यंत माझी समजूत अशी की लाकूड जितकं टणक तितकं धनुष्य चांगलं. ही समजूत आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी एका वाक्यात उतरवली. मी त्यांना खैर मिळेल का विचारत होतो. ते म्हणाले, "अरे बाबा, खैर टणक आहे, पण तुला टणक कशाला हवंय? कुऱ्हाडीचा दांडा कशाचा घालतात?"

धामणीचा. लहानपणापासून बघत आलोय. कावडीची काठीही धामणीची, कारण ती ओझ्याखाली लवते आणि परत सरळ होते. आणि गंमत म्हणजे संस्कृतात या झाडाचं एक नाव धनुर्वृक्ष आहे, दुसरं धन्वन. उत्तर नावातच लिहिलेलं, आणि मी अमेरिकन पुस्तकांत ओसेज ऑरेंज आणि यू ही तिकडची धनुष्याची लाकडं शोधत बसलो होतो. (साप नव्हे, झाड. आईला "मामाकडून धामण आणतोय" सांगितल्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही.)

त्या पुस्तकांचा आणखी एक सल्ला आपल्याकडे अडतो. ते सांगतात, पाठीवर एकच वार्षिक कडं (खोडात दरवर्षी वाढणारा थर) अखंड ठेवा, त्याच्या वरचं सगळं काढा. थंड मुलखातल्या झाडांत कडी ठळक असतात. धामणीत मला ती नीट दिसलीच नाहीत. त्यामुळे सोपा मार्ग धरला: साल काढल्यावर जो पृष्ठभाग निघतो तीच पाठ. झाडाने तो अखंडच दिलेला असतो, आपण फक्त हत्यार लावायचं नाही.

मामाच्या परड्यात तोडलेल्या धामणीच्या बुंध्याला फुटवे आले होते. त्यातला मनगटाहून चांगला जाड, सरळ, सहा फुटांत एकही गाठ नसलेला निवडला. निवडताना सालीवरच्या भेगा बघितल्या. त्या खोडाभोवती पिळत जात असतील तर आतले रेषेही पिळलेले समजायचे. जानेवारीत तोडला, आणि करवत न लावता पाचरी ठोकून फाडला. फाडताना लाकूड आपल्या रेषेने जातं, त्यामुळे खोटं बोलू शकत नाही. दोन तुकड्यांपैकी एक शेवटी थोडा पिळला, तो बाजूला ठेवला. साल ओली असताना लांबच लांब पट्ट्यांत निघाली. या सालीच्या दोऱ्या वळतात, एक पट्टी मीही वाळत घातलीय.

माझी ओढ, म्हणजे दोरी मागे खेचतो ते अंतर, २७ इंच. धनुष्याला त्याच्या दुपटीवर थोडं जास्त म्हणजे साधारण ६० इंच लांबी पुरते, पण अनोळखी लाकूड म्हणून ६६ ठेवलीय आणि मधली रुंदी ४५ मिलिमीटर. रुंदीत उदार राहायचं कारण असं: रुंदी १० टक्के घटवली तर जोर १० टक्केच उतरतो, पण जाडी १० टक्के घटवली तर २७ टक्के. चूक होणार ती जाडीतच, म्हणून शेवटच्या कानशीला प्रत्येक वेळी दहा घास मारून थांबणार, ३० वेळा ओढून बघणार, मगच पुढचे दहा. पूर्ण ओढीला लक्ष्य १६ किलो जोर, सामान मोजायच्या ताणकाट्यावर.

सध्या मात्र कानस बंद आहे. ढोबळ आकार तासून, दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासून (नाहीतर टोकं आधी सुकून चिरतात) माळ्यावर आडवं ठेवलंय. दर रविवारी स्वयंपाकघरातला काटा पळवून वजन करतो. सुरुवात २,३८० ग्रॅमने झाली. वजन दोन-तीन आठवडे एकाच आकड्यावर थांबलं की सुकलं समजायचं, आणि ते जूनच्या पहिल्या सरीआधी व्हायला हवं, नाहीतर पुन्हा माणग्याचीच गत.

मागच्या रविवारी १,९८५. काल १,९७०.