नाणेसंग्रहाला वळण लावणारी माणसे

नाणेसंग्रहाच्या इतिहासातली मोठी नावे कोणती, असे विचारले की बहुधा मोठ्या संग्रहांच्या मालकांचीच यादी पुढे येते: इजिप्तचा राजा फारूक, शिकागोचा धनाढ्य बिअर-उत्पादक व्हर्जिल ब्रँड, इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल. यांपैकी इटलीच्या राजाने १९१० ते १९४३ या काळात इटालियन नाण्यांची वीस खंडांची सूची प्रसिद्ध केली, त्यामुळे त्याचा मान निराळा. फारूक आणि ब्रँड यांनी मात्र अफाट नाणी जमवली आणि ती पुढे विक्रीतून पांगली, याहून अधिक काही त्यांच्या नावावर मांडता येत नाही. या छंदाला खरे वळण लावले ते संग्राहकाच्या नजरेला शिस्त लावणाऱ्यांनी, म्हणजे नाण्यात काय पाहायचे आणि ते कोणत्या क्रमाने मांडायचे हे ठरवणाऱ्यांनी, असे माझे मत आहे.

प्रारंभ इटालियन कवी पेत्रार्कपासून करण्याचा प्रघात आहे आणि तो रास्तच आहे. १३५४ साली मांतुआ येथे, पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सची भेट झाली तेव्हा पेत्रार्कने त्याला रोमन सम्राटांच्या मुद्रा असलेली सोन्याचांदीची नाणी भेट दिली आणि या पूर्वसूरींचा कित्ता गिरवावा, असे सुचवले. त्याच्या लेखी नाणे म्हणजे थोरांचे चित्र होते. पुढची काही शतके युरोपातील राजेरजवाड्यांचे आणि विद्वानांचे संग्रह बहुतांशी याच दृष्टीने वाढत राहिले.

त्याला शास्त्राची बैठक दिली ती व्हिएन्नाच्या योझेफ एकहेल याने. राजघराण्याच्या नाणेसंग्रहाचा हा प्रमुख मूळचा जेझुइट धर्मगुरू. पूर्वीच्या सूचींमध्ये नाणी कधी धातूनुसार, तर कधी गावांच्या नावांच्या अकारविल्हे लावलेली असत आणि त्यामुळे शेजारच्या दोन नगरांची नाणी एकमेकांपासून कोसभर दूर पडत. फ्रान्सच्या जोझेफ पेलरँने भौगोलिक मांडणीची वाट आधीच दाखवली होती. एकहेलने १७९२ ते १७९८ दरम्यानच्या आपल्या आठ खंडांत तिची पद्धत बनवली: स्पेनपासून निघायचे, भूमध्य समुद्राच्या काठाने पूर्वेकडे जायचे आणि इजिप्तमार्गे उत्तर आफ्रिकेतून परत पश्चिमेला यायचे. प्राचीन ग्रीक नाण्यांच्या सूचींत आजही हाच फेरा दिसतो.

मला सर्वांत कुतूहल वाटते ते ऑगस्टस हीटन या अमेरिकन चित्रकाराचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले संग्राहक प्रत्येक वर्षाचे एक नाणे मिळाले की तृप्त होत. ते फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीत पडले की न्यू ऑर्लिन्स वा सॅन फ्रान्सिस्कोच्या शाखेत, याची चौकशी फारसे कोणी करीत नसे. १८९३ साली हीटनने शाखा-टांकसाळींच्या नाण्यांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला आणि टांकसाळीच्या खुणेकडे लक्ष का द्यावे, याची सतरा कारणे त्यात दिली. ही खूण म्हणजे एक-दोन अक्षरे: ‘ओ’, ‘एस’, कार्सन सिटीची ‘सीसी’. छोट्या नाण्यांवर, मागच्या बाजूच्या पर्णमालेखाली किंवा तिच्या आत, ती इतकी बारीक असतात की भिंग घेतल्यावाचून ‘सी’ आणि ‘ओ’ यांतला फरक नीट कळत नाही. या ग्रंथाने कोणतेही नवे नाणे जन्माला घातले नाही, तरी एकेका वर्षाचा एक कप्पा होता तिथे एकदम तीन-चार कप्पे झाले.

त्याचा परिणाम कोठवर गेला हे लुई एलियासबर्गच्या उदाहरणावरून कळते. बाल्टिमोरच्या या बँकरने १९४२ मध्ये क्लॅप कुटुंबाचा संग्रह एक लाख डॉलरना विकत घेतला आणि तेव्हा ज्ञात असलेल्या प्रत्येक अमेरिकी नाण्याचा, वर्ष व टांकसाळ धरून, पूर्ण संच करण्याचे मनावर घेतले. शेवटची अडचण १८७३ च्या कार्सन सिटीतील एका दहा सेंटांच्या नाण्याची होती. त्या वर्षी चांदीच्या नाण्यांचे वजन किंचित वाढवले गेले आणि बदल ओळखू यावा म्हणून सालाच्या दोन्ही बाजूंना बाण कोरले गेले. बाण नसलेले, कार्सन सिटीचे, असे एकच नाणे ज्ञात आहे आणि ते १९५० साली त्याच्या हाती आले. बाण नसलेले त्याच सालाचे फिलाडेल्फियाचे नाणे मात्र सहज मिळते. हीटन नसता, तर त्या दोन अक्षरांसाठी एवढा आटापिटा कोणी केला असता का, याची मला शंका वाटते.

श्रीमंतांचा हा खेळ सामान्यांपर्यंत पोचवला तो पुठ्ठ्याने. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात प्रत्येक साल आणि टांकसाळ यांसाठी एकेक भोक पाडलेले फलक व्हिटमन कंपनीने बाजारात आणले आणि लोक खिशातली सुटी नाणी उलथीपालथी करून पाहू लागले. १९०९ च्या ‘एस व्हीडीबी’ सेंटची (सॅन फ्रान्सिस्कोची खूण आणि रचनाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरे असलेल्या) केवळ ४,८४,००० नाणी पाडली गेली होती, त्यामुळे त्याचे भोक बहुतेकांच्या फलकावर रिकामेच राहिले. त्याच कंपनीतील आर. एस. योमन यांनी पुढे या फलकांना घडीच्या पुस्तकाचे रूप दिले, आणि १९४७ सालाची पहिली आवृत्ती असलेली त्यांची लाल किंमत-पुस्तिका दरवर्षी निघत राहिली.

शेवटचे नाव थोडे अवघड आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये जुन्या तांब्याच्या सेंटवरील पुस्तकात नाण्याचा दर्जा १ ते ७० या अंकांत मोजण्याची पद्धत मांडली. सत्तर हा आकडा बाजारातून आला होता: अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक डॉलर धरली, तर सर्वोत्कृष्ट नाणे सत्तर डॉलरचे. किमतींचे हे गणित लवकरच कोलमडले, आकडे मात्र टिकले आणि १९८० च्या दशकात नाणी प्लास्टिकच्या बंद डब्यांत सील करून दर्जा देणाऱ्या कंपन्या आल्या तेव्हा जगभरच्या बाजाराची भाषा बनले. याच शेल्डनने अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील चांगले सेंट काढून त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती, हे पुढे उघडकीस आले. ज्याने दर्जा मोजायला शिकवले त्यानेच तो फिरवावा, हे मला फसवणुकीहूनही अधिक खटकते, कारण हलके नाणे आणि चांगले नाणे यांतला फरक त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता. गंमत अशी की, ज्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजपट्टी तयार झाली, त्यांचे आजचे निष्ठावंत संग्राहक डबीवरच्या अंकावर विसंबून राहत नाहीत. ते आपला स्वतंत्र आणि बहुधा कमी अंक ठरवतात, आणि त्यांतले बरेच जण नाणे डबी फोडून बाहेर काढतात.