तीन महिन्यांचा फरक

८ मार्च २०२४. ब्रुकलाइनच्या दुकानात मी काउंटरवर, आणि मागे स्टुलावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले मालक. गुजराती आहेत, मी काकाच म्हणते. सकाळीच अमेरिकेतल्या आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला होता आणि तो काकांच्या मनासारखा नव्हता.

भानगड अशी. ब्रुकलाइनला जवळजवळ चहूबाजूंनी बॉस्टनचा वेढा, पण गाव स्वतंत्र. गावाची सभा २०२० साली म्हणाली, १ जानेवारी २००० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तंबाखू आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकायचे नाहीत. कधीच नाही, पन्नाशी आली तरी! राज्याचा कायदा मात्र सरळ २१ वर्षांचा. दुकानदार कोर्टात गेले, वय राज्याने ठरवलंय तर गावाची लुडबुड कशाला? कोर्ट म्हणालं, राज्याहून कडक नियम करायची गावाला मुभा आहे.

"गिऱ्हाइकांच्या जन्मतारखा बघायला रोज कॅलेंडर घेऊन बसू?" काका.

मी गप्प. खरं सांगायचं तर आतून मी गावाच्या बाजूची होते. दुपारपर्यंत.

दुपारी एक जोडपं आलं. दोघं चोवीस वर्षांची, हातात हात. त्याने कॉफी भरून काउंटरवर ठेवली आणि सिगारेटचं पाकीट मागितलं. लायसन्स बघितलं तर जन्म फेब्रुवारी २०००. नाही म्हटलं.

"मी एकवीसचा कधीच झालो."

"माहीत आहे. पण या गावात नाही."

तिने हसत आपलं लायसन्स पुढे केलं. नोव्हेंबर १९९९. तिला विकायला कायद्याची हरकत नव्हती, पण पाकीट कुणाच्या खिशात जाणार ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको. मी तिलाही नाही म्हटलं. ती चिडली, आणि रास्तच चिडली. तिचा गुन्हा काय, तर तीन महिने मोठी असणं आणि बरोबर मित्र असणं. त्याने ओढली तर गुन्हा नाही, जवळ बाळगली तरी नाही; विकली तर दंड दुकानाला.

मी मूळची सावंतवाडीची. महाराष्ट्रात बीअर एकविसाव्या वर्षी, कडक दारू पंचविसाव्या, आणि गोव्यात सगळंच अठराव्या. बांद्यापुढे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की आमच्या कॉलेजातली पोरं एकदम सज्ञान व्हायची! तेव्हा हसायचो. पण तिथे निदान दोन राज्यं होती. इथे राज्य एक, पोलीसही त्याच राज्याचा कायदा शिकलेले, आणि मधे फक्त गावाची हद्द, तीही आमच्या दारापासून पाच मिनिटांवर.

तो काही न बोलता निघून गेला. ती त्याच्या मागे. कॉफी तिथेच राहिली.

"बघ," काका म्हणाले, "सिगारेटही गेली आणि कॉफीही गेली."

पंधरा मिनिटांनी तो एकटाच परत आला. कोटाच्या खिशातून बॉस्टनमध्ये घेतलेलं पाकीट डोकावत होतं. ते त्याने लपवलं नाही, आणि मीही न बघितल्याचं नाटक केलं नाही.

"कॉफी गार झाली असेल ना?"

मी कप सिंकमध्ये ओतला आणि दुसरा भरून दिला. पैसे एकाच कपाचे घेतले. काका स्टुलावरून बघत होते, पण काही बोलले नाहीत.