आठ पाऊणे सहा

आमच्या घरात कालनिर्णय कायमच होतं, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर, पण माझा त्याच्याशी संबंध दूधवाल्याच्या खाड्याची फुली मारण्यापुरता. संकष्टी कधी, एकादशी कधी हे खातं सासूबाईंचं. आता मात्र त्याच कॅलेंडरवर लाल पेनने गोल मी मारते, आणि ते बहुतेक सगळे अष्टमी-नवमीच्या आसपास असतात. सासूबाईंनी पहिल्यांदा ते गोल बघितले तेव्हा त्यांना वाटलं सून एकदाची देवाधर्माला लागली. मी पण त्यांचा गैरसमज दोनेक आठवडे तसाच राहू दिला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

गोल होडीचे आहेत.

झालं असं की आमच्या ओळखीतला एकजण नोकरीसाठी तीन वर्षं एडिंबराला होता, तिथून तो थंडीचे कपडे आणि एक वेड घेऊन परत आला. तिकडे किनाऱ्यावरची गावंच्या गावं म्हणे समुद्रात होड्या वल्हवतात, २२ फुटी होडी, चार वल्हेकरी आणि एक सुकाण्यावर, सेंट आइल्स स्किफ नाव तिचं. फेअर आयल बेटावरच्या जुन्या होड्यांवरून आयन ऑट्रेड नावाच्या माणसाने डिझाईन केलेली, प्लायवूडचं किट येतं आणि गावातले लोक, म्हणजे शिक्षक, पोस्टमन, रिटायर्ड आज्या, कोणाच्या तरी शेडमध्ये महिनोन्‌महिने ती जोडत बसतात. २०१० मध्ये त्यांची असोसिएशन झाली आणि २०१३ मध्ये उल्लापूलला चक्क वर्ल्ड चॅम्पियनशिप. हे सगळं त्याने आम्हाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून सांगितलं आणि मग समुद्राकडे हात करून म्हणाला, आपल्याकडे एवढा पडलाय, आणि आपण काय करतो, त्याच्याकडे बघत भेळ खातो.

मुद्दा बिनतोड होता. भेळ संपवून आम्ही निघालो आणि तीन महिन्यांनी माहीमच्या किनाऱ्यावर दोन होड्या उभ्या होत्या. स्कॉटलंडचं किट वगैरे काही नाही, कोळीवाड्यातून जुन्या घेतल्या, एक लाकडी आणि एक फायबरची. क्लब म्हणायचं म्हणून क्लब, ऑफिस नाही, बोर्ड नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप, ११ लाइफ जॅकेटं आणि एक चहाचा थर्मास ज्याचं झाकण पहिल्याच दिवशी पाण्यात गेलं. परवानगीच्या कागदांसाठी ज्या ज्या टेबलांवर फिरलो ती कथा मी सांगत नाही, ऐकणाऱ्याची भरती ओसरेल.

आणि वल्हवायला कोण शिकवणार, तर तांडेलकाका. जन्म कोळीवाड्यातला, वय सत्तरच्या पुढे, आता मासेमारीला जात नाहीत पण सकाळी किनाऱ्यावर आल्याशिवाय चहा उतरत नाही. आमच्यातला एडिंबरावाला पहिल्या दिवशी त्यांना समजावत होता की वल्हं पाण्यात तिरपं गेलं आणि अडकलं की हँडल छातीवर बसतं, त्याला क्रॅब पकडणं म्हणतात. काका शांतपणे ऐकून घेतात, आणि पंधरा मिनिटांनी मी मागच्या बाकावर आडवी झाल्यावर विचारतात, काय गो बाय, कुर्ली गावली काय? तेव्हापासून आमच्यात क्रॅब कोणी म्हणत नाही, कुर्लीच म्हणतात, आणि ज्याला सगळ्यात जास्त कुर्ल्या त्याने सगळ्यांना नाश्ता द्यायचा. पहिल्या सीझनमध्ये माझे किती पैसे गेले ते घरी माहीत नाही.

पण मी कॅलेंडरबद्दल सांगत होते.

सुरुवातीला आमचा साधा हिशोब, रविवार सकाळ सहा. मुंबईकर माणूस, त्याला ठरलेली वेळ लागते, ६.०२ ची लोकल ६.०२ ला. समुद्र मात्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणजे आज सहाला भरती असेल तर उद्या सहा पन्नासला, आणि आठवड्याने जवळजवळ बारा वाजता. त्यामुळे एका रविवारी आम्ही सहाला गेलो की पाणी अगदी पायाशी, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला पाणी गायब, नुसती चिखलाची चादर आणि त्यावर मिठी नदीने आणून टाकलेला शहराचा सगळा संसार. मग एका मुलाने फोनमध्ये ॲप घेतलं.

त्या ॲपने आमचा जो पोपट केला तो सांगायलाच हवा. थंडीतली अमावस्या, रविवार. ॲप म्हणालं भरती ६.३५. तांडेलकाका त्या दिवशी अलिबागला लग्नाला गेलेले. आम्ही सहाला पोचलो तर पाणी लांब, पण मुलगा म्हणाला येतंय ना, अर्ध्या तासात येईल, तोवर होडी खाली नेऊ. मग आठजणांनी फायबरची होडी ओढत ओढत चिखलात नेली, पंचवीस पावलांवर ती रुतली आणि आम्हीही रुतलो. चिखल कसा, तर काळा, लोण्यासारखा, पाय घातला की गुडघ्यापर्यंत आत आणि काढताना असा आवाज करतो की माणसाला स्वतःची लाज वाटावी. डेंटिस्टबाईंची एक सँडल त्यात गेली ती गेलीच. मागे फिरणं शक्य नाही, पुढे पाणी नाही, म्हणून आम्ही सगळे होडीत चढून बसलो, वल्ही लावून, लाइफ जॅकेट घालून, चिखलात. वर किनाऱ्यावर फिरायला आलेले लोक थांबून बघत होते. एका आजोबांनी विचारलं, शूटिंग आहे का. एडिंबरावाल्याने मोठ्यांदा ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं.

तिथे बसल्या बसल्या कोणाच्या तरी लक्षात आलं की ॲप ग्रीनिचची वेळ दाखवतंय. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे भरती दुपारी बारा पाचला. म्हणजे आम्ही बरोब्बर ओहोटीच्या तळाला जाऊन उभे राहिलो होतो. पाणी येऊन होडीला लागलं तेव्हा आठ वाजून गेले होते, आणि मला अजून आठवतं, आधी नुसती एक चकचकीत रेघ आली, मग होडीच्या बुडाखाली खुळखुळ झाली, मग अचानक ती एका बाजूने हलकी झाली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यानंतर लगेच सगळे घरी गेले कारण कोणाकोणाला दहाला पाहुणे होते.

पुढच्या वेळी काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत, त्यांना खरंच कळेना. अवस होती ना? मग सकाळी भरती कशी असंल? त्यांच्या दृष्टीने आम्ही मध्यरात्री ऊन शोधायला गेलो होतो. मग त्यांनी हिशोब सांगितला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पुनव-अवसेला बाराच्या सुमाराला. थोडं इकडेतिकडे होतं, पण वल्हं मारायला जाणाऱ्याला पुरतं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, नियम तोच, आणि तीच वेळ परत रात्री, पंचवीसेक मिनिटं सरकून.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी घरी फोनच्या कॅल्क्युलेटरवर नऊ गुणिले पॉइंट सात पाच करत बसले होते तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, नऊ पाऊणे पावणेसात. म्हटलं, काय? तर म्हणाल्या, पाऊणकी गं, आम्हाला शाळेत होती, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आणि सुरूच झाल्या, चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा, बारा पाऊणे नऊ, अगदी तालात. मी इंजिनीअर आहे, पण हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच दिवशी लाल गोलांचं रहस्य त्यांना सांगून टाकलं, त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, पण कॅलेंडर हातात घेऊन त्यांनी पुढच्या दोन महिन्यांचे रविवार काढून दिले.

त्यात मग एक गंमत कळली. मुंबईत सकाळी सहाला भरती असेल तर ती अष्टमीची, म्हणजे भांगाची, मवाळ, तीन-साडेतीन मीटरवर आटपणारी. उधाणाची भरती, ती साडेचारच्या वर जाणारी, पावसाळ्यात जिच्या बातम्या येतात ती, नेहमी दुपारी नाहीतर मध्यरात्रीच. म्हणजे आमच्यासारख्या नवशिक्यांच्या वाट्याला समुद्र येतो तो आपोआपच सुस्तावलेला. शिवाय पहाटे मतलई वारा जमिनीकडून, तोही मंद. हे शहर माणसाला कशात सवलत देत नाही, ही एक कशी काय राहिली कोण जाणे.

रविवार तसा एकाआड एक मिळतो, आणि तोही दर पंधरवड्याला अर्धा-पाऊण तास अलीकडे सरकतो, सात, मग सव्वासहा, मग साडेपाच, मग फारच अंधार, की आम्ही उडी मारून दुसऱ्या रविवारांवर जातो. लग्नाच्या तारखा यामुळे चुकतात. नवऱ्याने एकदा विचारलं की तू मुहूर्त बघून माहेरी जाणार का आता.

बाहेर पडलं की फार लांब जात नाही, सी लिंकच्या आतल्या बाजूने वरळीच्या किल्ल्याच्या दिशेने दीडेक किलोमीटर आणि परत. वल्हवणारे सगळे उलटे बसलेले, त्यामुळे पुढे काय आहे ते फक्त सुकाण्यावरच्याला दिसतं, आम्हाला दिसते दादरची चौपाटी, चैत्यभूमीचा घुमट, आणि त्यामागे वाढत चाललेले टॉवर. थंडीत कुरव पक्षी येतात, पाण्यावर बसून आमच्याकडे असे बघतात जसे आपण लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्याकडे. वल्ह्याला कधी नायलॉनची दोरी येते, कधी निर्माल्याची पिशवी, एकदा आख्खा क्रिकेटचा पॅड आला. समोरून कोळ्यांच्या बोटी परतत असतात, त्यांना आधी वाट द्यायची हा आमचा पहिला नियम, कारण आमची ती हौस आहे. वरळीला कोस्टल रोडच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरचं १२० करून घ्यायला त्यांना केवढं भांडावं लागलं ते आधी नुसतं पेपरात वाचलं होतं. होडीत बसून बाजूच्या लाटेने आपण कसे फेकले जातो ते बघितल्यावर ६० मीटर म्हणजे किती कमी ते पोटात कळतं.

ग्रुपवरच्या कॉलेजच्या मुलांचं वेगळंच चाललेलं असतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कोस्टल रोइंग येतंय, वाळूवरून पळत जायचं, बोटीत उडी मारायची, बोयांना वळसा घालून परत यायचं आणि पुन्हा पळायचं. आपला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तो २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगमध्ये तेरावा आला, मग आपण तर समुद्राकाठचे, असं त्यांचं म्हणणं. ती पळण्याची प्रॅक्टिस करतात. डेंटिस्टबाई उरलेली सँडल आठवण म्हणून जपून आहेत, त्या पळत नाहीत.

परवा नागपूरहून मावशींचा फोन आला होता, सासूबाईंच्या बहिणीचा. स्पीकरवर होता म्हणून ऐकू आलं. त्यांनी विचारलं, अगं एकादशी परवा की तेरवा?

सासूबाई म्हणाल्या, परवा, सव्वाआठला.