हटकल्याची वही

काचांच्या फोटोमालिकेला सव्वीस आठवडे झाले. ठरवलेल्या चाळीस फ्रेमपैकी अकरा हाती आहेत, त्यातल्या दोन फक्त रात्री उशिरा बघितल्या तरच चांगल्या वाटतात. म्हणजे नऊ. या वेगाने मालिका कधी पुरी होणार याचा हिशोब मी सोडून दिलाय, तुम्हीही मांडू नका.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी विषय थोडक्यात: दुकानाची काच, काचेतलं प्रतिबिंब आणि काचेमागचा माणूस, तिन्ही एकाच क्लिकमध्ये. नंतर संगणकावर जोडकाम नाही. फोटो बाहेरून काढलेला चालतो, आतून काढलेला चालतो, मॉलच्या मधल्या मोकळ्या जागेतूनही चालतो. आणि नेमक्या याच तीन जागांमुळे गेल्या सहा महिन्यांत मला जितक्यांनी हटकलं तितक्यांनी आधीच्या दहा वर्षांत मिळून हटकलं नसेल. डोंगर आणि पक्षी कधी "कशासाठी काढताय?" असं विचारत नाहीत.

सातव्या आठवड्यापासून खिशात एक लहान वही ठेवायला लागलो. कोणी अडवलं की बाजूला जाऊन वेळ, लेन्स, कॅमेरा कुठे धरला होता आणि समोरच्याचं पहिलं वाक्य, एवढं लिहायचं. आता ती वहीच फोटोंपेक्षा जास्त शिकवायला लागलीय, म्हणून यावेळची नोंद तिच्यावर.

एकूण एकोणीस प्रसंग. चौदा वेळा सिक्युरिटीवाले, तीनदा दुकानदार, दोनदा फोटोत आलेली किंवा आपण आलोय असं वाटलेली माणसं. पोलीस एकदाही नाहीत. पहिल्या वाक्याचा रकाना वाचायला मजा येते. "इथे फोटो अलाऊड नाही" आठ वेळा, "कशासाठी?" सहा वेळा, "चॅनलवाले का?" दोनदा, आणि एकदा नुसतंच "ओ!". हे होत असताना आजूबाजूला मोबाइल उंच धरून सेल्फी काढणारे किती होते ते मोजायचं राहिलं. मोजूनही उपयोग नव्हता. मोबाइल कोणाला दिसतच नाही. दिसतो तो पुढे आलेला लेन्सचा नळा.

आठवडे ७ ते १४

तेव्हा माझा समज असा की दिसलो नाही तर कोणी अडवणार नाही. कॅमेरा कमरेशी, स्क्रीन वर उघडलेली, इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे आवाज शून्य. २८ मिमीची रुंद दृश्य टिपणारी लेन्स, एफ/८ म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान, फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवलेला. या हिशोबाने साधारण १.४ मीटरपासून दहा मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं आणि कॅमेऱ्याला फोकस शोधावा लागत नाही. फुल फ्रेमचे, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचे, आकडे आहेत हे. छोट्या सेन्सरवाल्यांनी आपापलं गणित करून घ्यावं.

एकोणीसपैकी तेरा प्रसंग या आठ आठवड्यांतले आहेत.

त्यातला एक नीट सांगतो. एका मॉलच्या तळमजल्यावर कपड्यांच्या दुकानाची दोन मजली काच आहे. आतला पुतळा आणि बाहेरचा सरकता जिना तिच्यात असे मिसळतात की पुतळ्याच्या खांद्यावरून माणसं वर चढत जातात. मी पाऊण तास तिथे उभा, मान भलतीकडे वळवून, जिन्याकडे बघतोय असं दाखवत. गार्ड आला. वय असेल पन्नाशीचं, वॉकीटॉकी छातीशी. शांतपणे म्हणाला, "साहेब, बघताय जिन्याकडे, पण बोट चाललंय तुमचं."

वहीत हे वाक्य दोनदा अधोरेखित आहे. त्या माणसाचं कामच हात बघायचं. चोरही दुसरीकडेच बघत असतो आणि हात आपलं काम करत असतो. लपण्याच्या नादात मी नेमका तोच आविर्भाव घेऊन उभा होतो.

अमेरिकन फोटोग्राफर वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत प्रवाशांचे फोटो काढले ते कोटाआड लपवलेल्या कॅमेऱ्याने. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग काळा रंगवलेला, लेन्स कोटाच्या दोन बटणांमधून डोकावणारी, शटरची वायर बाहीतून तळहातापर्यंत. त्याच्या आधी, १९१६ मध्ये, पॉल स्ट्रँड या दुसऱ्या फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली होती. लोकांना वाटे की हा दुसरीकडचा फोटो काढतोय. हे वाचून मलाही आपण फार थोर परंपरेतले वाटलो होतो. पण इव्हान्सने त्या फोटोंचं पुस्तक काढलं ते थेट १९६६ मध्ये, पाव शतक थांबून. ही थांबण्याची बाजू माझ्या लक्षात उशिरा आली.

लपण्याला तांत्रिक शिक्षाही झाली. बऱ्याच कॅमेऱ्यांचं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत वाचतं. दुकानातले एलईडी दिवे त्या वेळात अनेकदा लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. त्या आठ आठवड्यांतल्या दोन चांगल्या फ्रेम पट्ट्यांनी खाल्ल्या. आता मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा उघडमिट करणारं, शटर वापरतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा वेळ १/१०० सेकंद आणि ६० ची असेल तर १/१२० ठेवायचं, म्हणजे दिव्याची निदान एक पूर्ण धडधड उघडझापीत मावते. आवाज होतो. होऊ दे.

पंधराव्या आठवड्यापासून कॅमेरा डोळ्याला लावून, दोन्ही हातांनी, क्लिकचा आवाज करत काढतोय. बारा आठवड्यांत सहा प्रसंग. आणि त्या सहांतल्या बहुतेक वेळी बोलणं दोन मिनिटांत आटोपलं, कारण "लपून काय करत होतात?" हा प्रश्नच उरला नाही.

पट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे

सतराव्या आठवड्यात काचेच्या उंच इमारतींमधल्या एका मोकळ्या चौकात उभा होतो. बाकं, झाडं, कारंजं, येणारेजाणारे. कोणीही सार्वजनिक म्हणेल अशी जागा. गार्डने बोटाने जमिनीवरची काळ्या दगडाची पट्टी दाखवली. पट्टीच्या अलीकडे कंपनीचं, पलीकडे फुटपाथ. मी एक पाऊल मागे गेलो आणि तीच इमारत, तीच काच काढली. तो बघत राहिला. मग म्हणाला, "आता तुमचं तुम्ही." त्या एका पावलाने फ्रेममध्ये कारंज्याची कड आली आणि फोटो आधीपेक्षा बरा झाला, हे त्याला सांगायला हवं होतं.

असाच प्रयोग २०११ मध्ये लंडनच्या आर्थिक भागात मुद्दाम केला गेला होता. सहा फोटोग्राफर, सहा ठिकाणं, सगळे सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारती टिपणारे. सहाच्या सहा जणांना एकदा तरी अडवलं गेलं आणि तीन वेळा प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्याच्या आधीची काही वर्षं तिथे याहून वाईट होती. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली ठरावीक भागात पोलिसांना कसलाही संशय नसताना कुणाचीही झडती घेता येत असे आणि कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणारे त्यात सापडत. जानेवारी २०१० मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तो अधिकार खासगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. त्या खटल्यातल्या दोघा तक्रारदारांपैकी एक पत्रकार होती, २००३ मध्ये एका शस्त्रप्रदर्शनाबाहेरचं आंदोलन टिपायला गेलेली. त्याच महिन्यात ट्रफाल्गर चौकात फोटोग्राफर जमले होते, 'मी फोटोग्राफर आहे, दहशतवादी नाही' म्हणत. आज लंडन पोलिसांच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलंय की सार्वजनिक जागी फोटो काढायला परवाना लागत नाही आणि झडतीत पोलिसांना फोटो पुसण्याचा अधिकार नाही. गंमत म्हणजे त्याच ट्रफाल्गर चौकात व्यावसायिक शूटिंगला मात्र परवानगी लागते.

दुकानाच्या आत हिशोब वेगळा आणि, खरं सांगायचं तर, सोपा. जागा त्यांची, नियम त्यांचा. दरवाजा उघडा आहे तो खरेदीसाठी. 'नको' म्हटलं की थांबायचं, 'निघा' म्हटलं की निघायचं. त्यावर वाद घालणारे आपल्यातले काही वीर मला कधी कळले नाहीत. दुकानदारांची कारणंही अगदीच फालतू नसतात. समोरच्या प्रतिस्पर्ध्याला किमतींच्या पाट्या आणि मांडणी फोटोतून मिळते, गिऱ्हाईक बुजतं, काउंटरवरच्या पोरीला दिवसभर कोणाच्या तरी कॅमेऱ्यात राहायचं नसतं. पण 'निघा' म्हणण्याचा हक्क म्हणजे कॅमेरा हिसकावण्याचा हक्क नव्हे, आणि कार्डावरचे फोटो पुसायला लावण्याचाही नव्हे. एकोणीसपैकी चार वेळा "डिलीट मारा" असं सांगण्यात आलं. तीनदा मी नम्रपणे नकार दिला आणि बाहेर पडलो. चौथ्याचं खाली येतंय.

पोलरायझरबद्दल, म्हणजे लेन्सवर लावून फिरवायच्या, चमक कमी करणाऱ्या फिल्टरबद्दल, बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ते इथेच उरकतो. काचेच्या अगदी समोर उभं राहिलात तर तो काही करत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून बघितलं तर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. मला दोन्ही हवं असतं, म्हणून अर्धाच फिरवतो. उजेड दीड-दोन स्टॉपने जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावी लागते. त्याने फोटोत दाणे दिसतात, मला आवडतात.

पिशवी

एकविसावा आठवडा. काचेत संध्याकाळचा तिरपा उजेड, आत घड्याळ दुरुस्त करणारा माणूस डोळ्याला भिंग लावून वाकलेला, आणि प्रतिबिंबात कोणाच्या तरी हातातली लाल पिशवी नेमकी त्याच्या टेबलावर ठेवल्यासारखी. काढला. सहा महिन्यांतला सगळ्यात चांगला फोटो, यात शंका नाही.

मागून आवाज आला, "माझा फोटो काढलात का?"

साठीच्या आसपासच्या बाई. मी म्हटलं, नाही हो, आतल्या काकांचा. स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझी पिशवी यात कशी?"

चेहरा नव्हता. हात मनगटापर्यंत, आणि पिशवी. रस्ता सार्वजनिक, काच रस्त्याकडची. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती.

खरं तर या बाबतीत जगाचंच एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्सिया या फोटोग्राफरने टाइम्स स्क्वेअरच्या मचाणांवर फ्लॅश लावून नकळत जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एकाने धार्मिक कारणाने आक्षेप घेऊन दावा लावला, तो २००६ मध्ये फेटाळला गेला. ती कला आहे, व्यापार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. उलट १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्यूबेकमधल्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला. ती सतरा वर्षांची असताना इमारतीच्या पायऱ्यांवर बसली होती, फोटो मासिकात छापून आला, आणि तिला २००० डॉलर भरपाई मिळाली. जर्मनीचा चेहऱ्यावरच्या हक्काचा कायदा १९०७ चा आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन फोटोग्राफर घरात शिरून मृतदेहाचा फोटो काढून आले होते, तिथून त्या कायद्याची गोष्ट सुरू होते. त्या कायद्यातही गर्दीला आणि दृश्यात ओघाने आलेल्या माणसाला सूट आहे. ओघाने आलेल्या पिशवीबद्दल कुठे वाचलं नाही.

बाई रागावल्या नव्हत्या. "काढून टाका ना," एवढंच म्हणाल्या, आणि थांबल्या. पुसला. त्यांच्यासमोर.

पुढचं कबूल करतो. कॅमेऱ्यात पुसलेली फाइल कार्डावरून लगेच जात नाही. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअर ती बहुधा परत आणून देतं. मी त्या संध्याकाळी एकही फोटो काढला नाही. घरी येऊन कार्ड टेबलावर ठेवलं, कॅमेऱ्यात दुसरं घातलं. दोन रात्री ते तिथेच होतं. सिक्युरिटीवाल्याने दरडावून सांगितलं असतं तर तिसऱ्या मिनिटाला परत आणला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण फॉरमॅट केलं, तेही झटपट वालं नाही. अकरा फ्रेममध्ये तो नाही.

सध्याची स्थिती

कमरेवरून काढणं बंद. पाच मालिका-फोटोंच्या छोट्या प्रिंट जवळ ठेवतो. "कशासाठी?" या प्रश्नाला तोंडी उत्तरापेक्षा त्या लवकर पटतात, शिवाय समोरच्याचे हात त्यात गुंततात. ट्रायपॉड घरी. बॅगही लहान केली, पाठीवर मोठी काळी बॅग असली की गार्ड दारापासूनच मागे येतो.

चोविसाव्या आठवड्यात घड्याळवाल्यांकडे परत गेलो आणि यावेळी आत जाऊन विचारलं. म्हणाले, गिऱ्हाईक असताना नको, दुपारी या, पण दिवा माझा हवा तसाच राहील. त्यांचा दिवा म्हणजे टेबलावर खाली वाकवलेला एलईडी. चाचणी घेतली तर १/१०० लाही पट्टे येतायत. १/५० वर जातायत, पण तिथे त्यांचा चिमटा हलतो. काचेबाहेर प्रतिबिंबासाठी कोणाला तरी उभं करावं लागेल. बायकोने होकार दिलाय, पिशवी कुठली ते मात्र ती ठरवणार आहे.