मे महिन्यातला गंज

नागपुरात मे महिन्यात पोलादाला ताजा गंज चढला असं कुणी सांगितलं, तर सहसा खरं वाटत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास आणि दुपारी हवा इतकी कोरडी, की दोरीवरची चादर बघता बघता वाळते. गंजाचे दिवस आषाढ-श्रावणातले. त्यामुळे महाल भागातल्या एका ओळखीच्या घरून फोन आला, "ताई, आजोबांच्या सुऱ्या-कट्यारी पंधरा-वीस दिवसांत गंजल्या," तेव्हा मला वाटलं, जुनाच गंज आता नजरेस पडला असेल. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि हातातलं काम टाकून निघाले. "धारवाल्याला बोलावलंय. दुपारपर्यंत सगळं चकाचक करून देतो म्हणतो."

मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. देव्हाऱ्यातल्या मूर्ती, समया, तांब्या-पितळेची भांडी आणि अधूनमधून शस्त्रं. २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून घेतली, त्यानंतर माझ्याकडे शस्त्रांचे फोन वाढले. माळ्यावरच्या पेट्या खाली यायला लागल्या. हे फार चांगलं झालं. फक्त पेटी उघडली की घरातल्यांच्या मनात पहिला विचार चमकवण्याचा येतो, आणि माझं काम तिथूनच सुरू होतं.

मी पोचले तेव्हा अंगणात चाक फिरत होतं आणि ठिणग्या उडत होत्या.

"भाऊ, जरा थांबवता का?"

त्यांनी लगेच मशीन बंद केलं. हातात घडीचा चाकू होता, एका बाजूनं आरशासारखा झालेला. काकाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. संग्रह त्यांच्या वडिलांचा. "काहून जी ताई? छान तर निघून राहिलं," ते म्हणाले.

खाली चटईवर त्याच चाकूचा जोडीदार पडला होता, तशाच शिंगाच्या मुठीचा, अजून चाकाला न लागलेला. मी भिंग काढलं. पातं मुठीला मिळतं तिथे, काळपट थराखाली, चांदणी आणि तिच्या शेजारी माल्टीज क्रूस: शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. वर मुकुट, त्याच्या दोन्ही अंगांना व्ही. आणि आर. ही अक्षरं. म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतला माल, १८३७ ते १९०१ मधला. मी भिंग काकाजींच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग धारवाल्याच्या हातातला चाकू मागून घेतला आणि तीच जागा पाहिली. तिथे चाकाच्या बारीक रेघा होत्या, बाकी काही नव्हतं.

धारवाल्याचं यात काहीच चुकलं नव्हतं, हे मला इथे लिहायलाच हवं. भाजी चिरायच्या सुरीला, खाटकाच्या सुऱ्याला त्याचं चाक हवंच, आणि त्याचा हात स्थिर होता. त्याला बोलावणाऱ्यांनी काम चुकीचं सांगितलं होतं. काकाजींनी त्याला दिवसाचे पैसे दिले. तो मात्र गेला नाही, मी काय करते ते पाहत संध्याकाळपर्यंत थांबला.

हा संग्रह तीसेक नगांचा. कट्यार, बिचवा, जंबिया म्हणजे वाकडा अरबी खंजीर, पेशकब्ज म्हणजे जाड पाठीचा, टोकदार इराणी धाटणीचा खंजीर, म्यानातल्या करदा-चकमक या दोन छोट्या सुऱ्या शाबूत असलेली खुकरी, विलायती चाकू आणि दोन-तीन अडकित्ते. इतकी वर्षं तो आतल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत होता. गुढीपाडव्यानंतर मुलानं हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं आणि सगळं त्यात मांडलं. शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत घरगुती किंवा शेतीकामाची नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी येते, खुकरीही येते. म्हणून असं काम हाती घेताना मी आधी कागदांचं विचारते. काकाजींनी ते फाइलीत लावून ठेवले होते.

सगळे नग चटईवर ओळीनं मांडले, आणि पाहिलं तर गंज दोन प्रकारचा. एक काळपट-तपकिरी, पात्याला घट्ट धरून बसलेला, बोट फिरवलं तरी हाताला न लागणारा. तो जुना. त्याला मी सहसा हात लावत नाही, कारण असा एकसारखा काळा थर खालच्या पोलादाला सांभाळतो आणि वस्तूचं वयही सांगतो. दुसरा नारिंगी, भुकटीसारखा, बोटाला लागणारा. तो ताजा. हा ताजा गंज काही नगांवरच होता, आणि त्यांतही पात्याच्या एकाच अंगाला. मी मुलाला म्हटलं, "कपाटात कुठला नग कुठे होता, आठवतं का? तसेच लावून दाखव." त्याच्या मोबाइलमध्ये फोटोच होता. नारिंगी नग सगळे वरच्या दोन फळ्यांवरचे निघाले, आणि गंजलेलं अंग खिडकीकडचं.

खिडकीत कूलर होता.

आर्द्रतामापक ओट्यावर ठेवला, १८ टक्के दाखवत होता. कपाटात वरच्या फळीवर ठेवला, कूलर सुरू केला, पाऊण तासात आकडा ६८ वर गेला. काचा सरकत्या, मधली फट बोटभर. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं सांगण्यात अर्थ नाही, आणि मी ते सांगितलंही नाही. पण हा कूलर पाण्याच्या जोरावरच हवा गार करतो. बाहेर वाळवंट असलं तरी खोलीत पावसाळा. त्यात यांच्या कूलरला बोअरचं पाणी. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, रोज वरून भर पडली की ते दाट होत जातात. त्याचे बारीक तुषार हवेबरोबर येतात. काचेच्या खिडकीकडच्या बाजूला पांढरे ठिपके होते, नखानं खरवडले तर खरखरीत लागले. तेच पात्यांवर बसत होते. क्षारात क्लोराइड असतं आणि क्लोराइडमुळे पोलाद अधिक लवकर आणि खोलवर गंजतं, पात्याला बारीक खड्डे पडतात. घामाच्या हातानं पातं धरलं की बोटांचे ठसे गंजून वर येतात, तेही याच कारणानं.

काकाजी म्हणाले, "म्हणजे पेटीतच बरं होतं."

काही नगांचं पेटीतही बरं नव्हतं. खुकरी आणि जंबिया चामड्याच्या म्यानात राहिले होते. चामडं हवेतली ओल धरतं आणि कमावताना वापरलेली आम्लं, क्षार त्यात असतात. म्यानाच्या आत पात्याला चट्टे पडले होते आणि पितळेच्या टोपणाभोवती हिरवा, मेणचट थर जमला होता. कट्यारीच्या पात्यावर मधोमध ओळीनं गोल डाग. ते पाहून सूनबाईच म्हणाल्या, "हे तर खंडेनवमीचे." पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू, वर झेंडूची ओली फुलं, आणि दसरा उलटेपर्यंत तसंच ठेवलेलं. वर्षानुवर्षं भक्तीनं केलेली पूजा त्या पोलादावर उमटली होती. ते डाग मी काढले नाहीत. काढायचे तर पोलाद घासावं लागलं असतं.

साफसफाईला बसलो ती पेशकब्जापासून. मूठ हस्तिदंताची असं घरात सगळे सांगत. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. मुठीच्या टोकाशी भिंग लावलं, तर जाळी नव्हती, बारीक काळपट ठिपके आणि रेघा होत्या. हाड. काकाजींचा चेहरा थोडा उतरला, पण खरं तर सुटकाच झाली, कारण हस्तिदंत घरात ठेवायचा म्हणजे वन खात्याचे कागद आले.

पात्यावर औषधाच्या दुकानात मिळतं ते लिक्विड पॅराफिन लावलं आणि तासभर हातच लावला नाही. हा तासभर माझ्या कामात फार मोलाचा आहे. तेल गंजाच्या खाली शिरतं, भुकटी सैल होते. मग बांबूची काडी चपटी तासून तिच्या टोकानं गंज उचलायचा. बांबू पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. उचललेला गंज लगेच कापसानं टिपून घ्यायचा. पुसून पसरवला तर तोच गंज पॉलिश पेपरसारखा घासतो. तरीही चिकटून राहिलं, तर तेलातच भिजवलेली सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टीलवूल, आणि तीही पात्याच्या लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं. सुनेनं लिंबू आणि चिंच आणून ठेवली होती, ती परत स्वयंपाकघरात पाठवली. आंबटानं गंज जातो खरा, पण खालचं पोलादही खाल्लं जातं.

पातं पुसून मी ते खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं, आणि धारवालाच आधी बोलला, "हे पाण्यावानी काय दिसून राहिलं?" पात्याच्या अंगात, पाठीपासून धारेकडे, करड्या-काळ्या लाटा होत्या. या नक्षीला जौहर म्हणतात. मुशीत वितळवून केलेल्या आपल्याकडच्या जुन्या पोलादात कार्बन भरपूर असतो. घडवताना त्याचे कार्बाइडचे सूक्ष्म पट्टे जमतात आणि पृष्ठभागावर नक्षी उमटते. पूर्वीचे कारागीर हिराकस लावून ती उठवत. चाकावर धरलं असतं तर ही नक्षी पहिल्याच फेऱ्यात दिसेनाशी झाली असती. पेशकब्ज रांगेत पुढचाच होता. मला तेव्हा हाताला कंप सुटला होता, तो आत्ता लिहितानाही आठवतो. काकाजी उठून जवळ आले, त्यांनी मुलाला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. बापानं हे कुठून आणलं असेल, यावर अर्धा तास बोलणं झालं आणि काम थांबलं. थांबू दिलं मी.

कट्यारीच्या मुठीवर कोफ्तगारी होती. पोलादावर आडव्या-तिरप्या बारीक रेघा पाडतात आणि त्या खरखरीत अंगावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं फक्त त्या खरखरीवर तगून असतं. पितळेचं पॉलिश लावून फडक्यानं दोनदा घासलं, तर सोनं फडक्यावर. म्हणून तिथे कोरडा मऊ ब्रश, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, बस. खुकरी पुसायला सुनेनं स्पिरिट आणलं होतं. पात्याला चाललं, मुठीजवळ नेऊ दिलं नाही. जुन्या खुकरीचं पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असतं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

तेलावरून थोडा वाद झाला. आजोबा खोबरेल लावायचे. पण खोबरेल नागपूरच्या थंडीत थिजतं, वर्षं गेली की खवट होतं, आणि खवट होताना त्यात आम्ल तयार होतं. जवस, मोहरीचं तेल वाळून पिवळा चिकट पापुद्रा धरतं, जंबियावर तो होताच. खनिज तेल, म्हणजे ते लिक्विड पॅराफिन, खवटत नाही. शिलाई मशीनचंही चालतं. थेंबभर पुरे; फडक्याला लावून पातं पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं जास्तीचं काढायचं. ओथंबलेल्या तेलावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते.

खरी अडचण ठेवायची. पोलादाला हवा जितकी कोरडी तितकी बरी, निदान ४० टक्क्यांच्या खाली. हाड, शिंग, लाकूड तितक्या कोरड्यात आकसतं, तडकतं. त्यांना ४५ ते ५५ मानवतं. एकाच सुरीत दोन्ही असतात. त्यामुळे आम्ही वाटणी केली. पूर्ण पोलादी नग, म्हणजे कट्यार आणि अडकित्ते, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांबरोबर. हाडा-शिंगाच्या मुठींचे नग आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटात, कूलरपासून लांब, पात्याला तेलाऐवजी मेणाचा थर देऊन. सगळे मांजरपाटात गुंडाळलेले. कापड आधी धुऊन त्याची खळ काढलेली. वर्तमानपत्र नाही, डांबरगोळ्या नाहीत. म्यानं प्रत्येक सुरीच्या शेजारी, पण रिकामी.

मुलाचा हिरमोड झाला. त्याला कपाट हॉलमध्येच हवं होतं, पाहुण्यांना दिसावं म्हणून. त्याचं म्हणणं मला पटतं. पेटीत बंद वस्तूवर पुढच्या पिढीचा जीव जडत नाही. शेवटी ठरलं ते असं: दिवाळी ते होळी, कूलर झाकलेला असेल तेव्हा, पेशकब्ज आणि निवडक नग काचेत, फटीला रबराची पट्टी लावून. कूलर लागला की आत. खंडेनवमीला कुंकू म्यानाला आणि चौरंगाला, पात्यावर कोरड्या अक्षता. हे काकाजींनीच सुचवलं.

चाकावर गेलेला चाकू मी इतरांसारखाच पुसून, तेल लावून त्याच्या जोडीदाराजवळ ठेवला, आणि चिठ्ठीवर काय घडलं ते तारखेसकट लिहिलं. सिलिकाचे नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये तापवायचे, हे काम सुनेकडे आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की मी एकदा येऊन डबा उघडून पाहणार आहे.