रोप केवढं, कुंडी केवढी

बी रुजलं, रोपं टरारली की गच्चीवर बाग करणारे बरेचजण ती थेट बारा इंची ग्रो बॅगेत, म्हणजे झाडं लावायच्या जाड पिशवीत, लावतात. शेवटी जायचंय तिथेच, मग मधला खटाटोप कशाला? आमच्या सासूबाईंचंही हेच म्हणणं. त्यांच्या गावच्या वाफ्यात ते खरंही आहे. तिथे जास्तीचं पाणी जमिनीत खोल उतरतं. बॅगेत ते तळाशी अडून राहतं.

बारा बाय बाराच्या बॅगेत साधारण बावीस लिटर माती मावते. प्रोट्रेमधल्या, म्हणजे बी रुजवायच्या खणाखणाच्या ट्रेमधल्या, रोपाची मुळं असतात जेमतेम चार चमचे कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात). ती तेवढ्यातलंच पाणी ओढणार, बाकीची माती ओलीच. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये झिमझिम लागली की ही ओल हटत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पिवळं पडून बसून राहतं. खत घालून काही होत नाही, मागणी हवेची असते.

म्हणून मी मध्ये एक टप्पा ठेवते: अर्धा लिटर दुधाची पिशवी. धुऊन, खालचे दोन्ही कोपरे कातरायचे आणि भाजीच्या क्रेटमध्ये एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या. माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या भागांत. टोमॅटोला ही उंच, अरुंद पिशवी फार मानवते. त्याच्या खोडाला मातीखाली नवी मुळं फुटतात, त्यामुळे खालची पानं खुडून रोप खोलवर पुरता येतं. मिरची आणि वांगं मात्र ट्रेमध्ये होतं त्याच पातळीला. मिरची तर इतकी सावकाश वाढते की तिला चहाच्या मोठ्या कागदी कपातही महिनाभर पुरेशी जागा होते.

पुढे कधी हलवायचं ते मी कॅलेंडरवर ठरवत नाही. एखादी पिशवी बाजूने चिरून बघते. मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, न फुटता हातात आली आणि कडेला पांढरी मुळं दिसली की बाकीची रोपं तयार. माती भुसभुशीत सांडली तर अजून थांबायचं. मुळं तळाशी गोल गोल फिरून जाळी झाली असतील तर उशीर झालाय. ती बोटांनी जरा सैल करूनच लावायची.

हे सगळं पावसाळ्याचं. फेब्रुवारीत पेरलेल्या रोपांसाठी उलटा विचार करते. मार्चच्या उन्हात दुधाची पिशवी दुपारपर्यंत कोरडी पडते, आणि दिवसातून दोनदा पाणी घालायला घरी कोण असतं? तेव्हा ट्रेमधून रोप थेट सहा इंची कुंडीत, सावलीच्या हिरव्या नेटखाली. एकच रोप, एकच माती, पण ऋतू बदलला की माप बदलतं. हे रोपवाटिकेत कुणी आपणहून सांगत नाही.

काकडी, दोडका यांना मुळं हललेली खपत नाहीत. ती कपातच पेरायची, बीजपानांनंतरची दोन खरी पानं आली की तळ फाडून कपासकट लावायची. मुळा, गाजर, कोथिंबीर यांच्या वाटेला हा उद्योगच नाही, जिथे पेरली तिथेच.

शेवटच्या मुक्कामाला टोमॅटोला बारा इंची बॅग, मिरचीला दहा इंची पुरते. वांग्याला मी पंधरा इंची देते, कारण छाटलं की ते पुन्हा फुटतं आणि बराच काळ मुक्काम ठोकतं. पालक-मेथीला सहा इंच खोल क्रेट भरपूर झाला. हौस म्हणून सगळ्यांनाच मोठी बॅग द्यावीशी वाटते, पण पाणी प्यायलेली बारा इंची बॅग वीस-पंचवीस किलोंच्या घरात जाते. म्हणून आमच्या मोठ्या बॅगा सगळ्या तुळयांवर आणि कडेच्या भिंतींलगत, मधल्या स्लॅबवर फक्त मिरच्या आणि पालेभाज्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे नकाशा काढून दाखवलं, तेव्हा कुठे गच्चीची किल्ली मिळाली.