चांगलं जास्त आहे, मग वाईट चालतंय का?

परभणीत लॅबमध्ये असतो मी. रक्त काढायचं, रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम, पण कागद हातात पडला की माणसं डॉक्टरच्या आधी मलाच विचारतात, "भाऊ, चांगलं कोलेस्टेरॉल तर भरपूर आलंय, मग वाईट थोडं जास्त असलं तर काय बिघडतं?" तुम्हीपण तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

आमच्या मामांचंच सांगतो. टोटल कोलेस्टेरॉल २५०, एचडीएल (ते चांगलं म्हणतात ते) ५२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५०. एलडीएल, म्हणजे वाईट, बऱ्याच लॅबमध्ये हिशोबानंच काढतात, टोटलमधून एचडीएल वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा, राहिले १६८. (आदल्या रात्री लग्नाची पंगत झोडून आलेल्याचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहतं ते पाणी) कधीकधी ताकासारखं पांढरं दिसतं, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोब चालत नाही, म्हणून उपाशीपोटी या म्हणतो.) मामांनी ५२ वर बोट ठेवलं, "पुरुषाला ४० च्या वर लागतंय ना? मग झालं." एलडीएल उतरवायच्या गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर तशीच पडून. अडीच वर्षांनी स्टेंट.

खरं तर कोलेस्टेरॉल एकच असतंय हो, चांगलं वाईट असतात त्या गाड्या. ते रक्तात विरघळत नाही म्हणून प्रोटीनच्या गाडीत घालून फिरवावं लागतं. एलडीएल म्हणजे माल भरून निघालेली गाडी. दिवाळीनंतर कापसाचे टेम्पो जायला लागले की रस्त्याकडेच्या बाभळी कशा पांढऱ्या होतात बघा, तसंच आहे हे, गाड्या जितक्या जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितका माल रक्तवाहिनीच्या भिंतीत अडकत जातो. एचडीएल जमेल तेवढा उचलून लिव्हरकडं परत नेतं, पण म्हणून हा बँकेचा जमाखर्च नाही की इकडचे ५२ तिकडं वळते केले. एचडीएल वाढवायची गोळीसुद्धा काढून बघितली लोकांनी, टॉर्सेट्रॅपिब नावाची, आकडा झकास वाढला पण गोळी घेणाऱ्यांत मृत्यूच जास्त व्हायला लागले, २००६ मध्ये ट्रायल बंद करावी लागली. एचडीएल कमी असणं चांगलं नाहीच, पोट सुटलंय, बिडी चालू आहे, शुगर आहे, असं बरंच काही त्यातून कळतं, पण जास्त आहे म्हणून एलडीएलला माफी नाही.

तेलाचंपण विचारतात. करडईचं तेल चांगलंच, तूप-डालड्याच्या जागी वापरलं तर एलडीएल थोडं उतरतंसुद्धा, पण त्याच तेलात रोज भजी तळायला लागलात तर काय बोलायचं. आणि बाटलीवरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला भुलू नका, कुठल्याच झाडाच्या तेलात ते नसल्यातच जमा. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, म्हणून तर मामांसारख्या माळकरी माणसाचंही वाढतं.

मामा आता गोळी चुकवत नाहीत, एलडीएल ६२ वर आलंय. मागच्या महिन्यात रिपोर्ट दिला तर तोंड पाडून बसले. काय झालं विचारलं तर म्हणे, "चांगलं ५२ चं ५० झालं की रे."